आधी शिका, मग सायकल रस्त्यावर आणा की!

पाऊस थांबला, जरा थंडी पडली की साताऱ्यात सायकलींची गर्दी सुरू होते आणि माझं डोकं फिरायला लागतं. चालवा ना सायकल, कोण नको म्हणतंय, पण नीट शिकून तरी या!

राजपथावर आधीच दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या, मोती चौकात पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यातनं हे तिघं तिघं शेजारी शेजारी गप्पा मारत चाललेत. हॉर्न दिला की दचकून उजवीकडेच येतात. मागं बघायचं नाही, हात दाखवायचा नाही, कानात इअरफोन. अरे मागनं एसटी येतीय ते कळणार कसं?

समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरच्या घाटात तर कहर. गिअर चढ लागायच्या आधी हलका करायचा असतो, हे पॅडलवर सगळा जोर असताना बदलतात, कटकट आवाज येतो, चेन पडते आणि गडी ऐन वळणावर रस्त्याच्या मधोमध सायकल आडवी करून चेन बसवत बसतो. बाजूला तरी घ्या की! कास पठारावरनं उतरणाऱ्या गाडीला वळणापलीकडचं काय दिसणार? आणि उतारावर पुढचाच ब्रेक करकचून दाबतात, तोंडावर आपटाल ना राव.

भारीतलं हेल्मेट घेतात, पण पहाटेच्या अंधारात मागं साधा लाल दिवा नाही. लायसन लागत नाही म्हणजे नियमच नाहीत का? जीव तुमचा जाईल, आणि कचकन ब्रेक मारून हातपाय थरथरतात आमचे. मोकळ्या मैदानात एक हात सोडून सायकल सरळ चालवता येईपर्यंत गर्दीत येऊच नका.