गर्भाची पिशवी काढायला नकार दिल्याच्या तक्रारीबद्दल

नमस्कार. दवाखान्याला ऑनलाइन एकच तारा देऊन लिहिलेली तुमची तक्रार वाचली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या बहिणीची पिशवी काढून घ्यायला आणलं, तर डॉक्टरांनी नकार दिला, वर घरच्यांनाच बाहेर बसवून तिच्याशी बोलत बसल्या, असं तुम्ही लिहिलंय. पेशंटची माहिती चारचौघांत मांडणं मला पटत नाही, त्यामुळे तिच्या तपासणीबद्दल इथे एक शब्दही लिहिणार नाही. दवाखान्याची पद्धत तेवढी सांगते.

इथे प्रत्येकीशी थोडा वेळ एकटीशी बोलणं होतंच. बोलता येत नसेल तर चित्रं, खुणा वापरतो. कुठे दुखतंय हेसुद्धा काही जणी नातेवाइकांसमोर सांगत नाहीत. कोणी अंगाला हात लावतंय का, हे तर दूरच. हा तुमच्यावर संशय नाही. बाहेर सगळ्यांनाच बसावं लागतं.

आता पिशवीचं. पाळीची निगा राखताना घरच्यांचे, विशेषतः आईचे, खरोखर हाल होतात. तरी तेवढ्यासाठी चांगली पिशवी मी काढणार नाही, आणखी दहा जणांनी एकच तारा दिला तरी. ते मोठं ऑपरेशन आहे. शिवाय ‘उद्या काही बरंवाईट झालं तर निदान दिवस तरी जायचे नाहीत’ ही भीती बऱ्याच घरांत असते, उघड कोणी बोलत नाही. पिशवी काढून अत्याचार थांबत नाही, फक्त तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते.

पाळी कमी करायला गोळ्या, इंजेक्शन, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल असे उपाय आहेत आणि ते बंदही करता येतात. पण तेही पारखून द्यावे लागतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी फिट्सची औषधं चालू असतील तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हालचाल नसलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. त्यामुळे येताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणाच. आणि पॅड बदलणं अनेक मुली शिकतात: चड्डीवर रंगीत धाग्याने पॅडची जागा आखायची, सराव पाळी नसतानाच करायचा.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं कलम 23 सांगतं की अपंग व्यक्तींना, त्यात मुलंही आली, आपली प्रजननक्षमता टिकवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. सज्ञान बहिणीच्या जागी भावाची सही मला चालणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. पुन्हा इथे यायचं असेल तर आधी फोन करा, गर्दी नसतानाची वेळ देऊ. टेबल खाली घेता येतं, आणि कुशीवर झोपूनही तपासणी होते.