तासांवर सही कोणाची?

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. वस्तीतल्या समाजकेंद्रांनी जवळच्या कॉलेजांशी जोडून घ्यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, एनएसएसची, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं नुसती तास भरायला येतात. बॅनर लावतात, फोटो काढतात, पोरांना त्यांचा लळा लागतो तोवर दिसेनाशी होतात. त्यापेक्षा एक पगारी शिक्षिका नेमलेली बरी.

पगारी शिक्षिका हवीच. तिच्याऐवजी फुकटची मुलं पाठवतो असं कुठलं कॉलेज म्हणालं, तर केंद्राने त्यांना दारातूनच परत पाठवावं.

पण मुलं तास भरायला येतात, यात मला वावगं काही दिसत नाही. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम करावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला आणि समाजात जाऊन केलेल्या कामाला क्रेडिटही, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुणांकही आहेत. म्हणजे कॉलेजलाही वस्तीची गरज आहे. आपणच ओशाळल्यासारखे वागतो. कॉलेजच्या सरांचा फोन आला की हॉल रिकामा करून देतो, काम काय करणार ते विचारत नाही, आणि हजेरीवर सही करतात तेही त्यांचेच सर. माझा सगळा आग्रह या सहीचा आहे. केंद्रावरच्या ताईंची सही असेल तरच तास धरायचे, हे जूनमध्येच प्राचार्यांकडून लेखी घ्या. बॅनरच्या दिवसाचे तास मग आपोआप गळतील.

लळ्याचं तुम्ही लिहिलंत, ते मला फार लागलं. लहान मुलांचा रोजचा वर्ग सेमिस्टरपुरत्या येणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडे देऊच नये, तो शिक्षिकेचाच. कॉलेजच्या मुलांना असं काम द्यावं, ज्याचा शेवट पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक असेल. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या मुलांसोबत संध्याकाळी अभ्यासिकेत बसणं. निकालानंतर अकरावीचे ऑनलाइन अर्ज भरून देणं, पुढे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे फॉर्म. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती हुकते, तेव्हा घरात काय होतं ते तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं असेल. आता सुट्टीत कोण येणार, असं तुम्ही विचाराल. शेजारच्या चाळीतलीच मुलं येतील. परळच्या, दादरच्या कॉलेजांत शिकणारी कितीतरी मुलं आसपासच्याच वस्त्यांमधली आहेत, ती सुट्टीतही इथेच असतात.

आणखी एक. 'कॉलेजला वस्तीतलं काय कळतं?' असं तुम्ही विचारलंत. मुंबईत याची सुरुवात उलट्या बाजूने झाली आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यांनी १९२०च्या दशकात नागपाड्यात नेबरहूड हाउस हे वस्तीतलं केंद्र सुरू केलं. तिथे काम करताना प्रशिक्षित माणसांची उणीव जाणवली, आणि १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली. तीच आज देवनारला असलेली टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. आधी वस्तीतलं केंद्र होतं, कॉलेज त्यातून उभं राहिलं. म्हणून कॉलेजवाल्यांसमोर बसताना आपण मागायला आलोय असं केंद्राने मुळीच समजू नये.

तुमच्या केंद्रावर कोणत्या दोन महिन्यांत माणसं सगळ्यात कमी पडतात, तेवढं कळवा. पत्राचा मसुदा आपण त्या महिन्यांपासूनच सुरू करू.