प्रशासकच बरा होता म्हणे!

मामेभाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, खरं सांगू, प्रशासक होता तेच बरं होतं, नगरसेवक परत आले आणि चौकाचौकात फ्लेक्स परत आले." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुण्याच्या महापालिकेत निवडून आलेला एक माणूस नव्हता, ओबीसी आरक्षण काय, प्रभागरचना काय, कोर्टात तारखांवर तारखा, आणि आमचे शिकलेसवरलेले लोक म्हणतात बरं होतं!

मी ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. इथे २०१७ पासून आठ वर्षं राज्य सरकारचं एकच खातं होतं, लोकल गव्हर्नमेंट, स्पोर्ट आणि कल्चरल इंडस्ट्रीज. आपल्याकडे नगरविकास वेगळं, ग्रामविकास वेगळं, क्रीडा वेगळं, सांस्कृतिक कार्य आणखी कुठेतरी. मला ते एकत्र असणं जाम पटायचं, कारण गल्लीत ते एकत्रच असतं ना. पोरगा फुटी (इथला फुटबॉल) खेळतो ते ओव्हल, म्हणजे मैदान, काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायब्ररी काउन्सिलची, मंडळाचा गणपती बसतो तो हॉलही काउन्सिलचा (दहाच्या आत आरती उरकायची, रेंजरच्या, म्हणजे काउन्सिलच्या नियम बघणाऱ्या माणसाच्या, तोंडी कोण लागणार). राज्यात १३७ काउन्सिलं, एकेका शायरमध्ये, म्हणजे खेड्याकडच्या काउन्सिलात, आपल्या सोसायटीएवढी माणसं, तरी दर दोन वर्षांनी ऑक्टोबरचा तिसरा शनिवार आला की निम्म्या जागांची निवडणूक. हे सगळं भावाला ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच.

त्याने तिथल्या तिथे गुगल केलं. "मग तुमच्या सिटी ऑफ पर्थचं काय?" झालं. मार्च २०१८ मध्ये सरकारने अख्खं काउन्सिल सस्पेंड करून तीन कमिशनर, म्हणजे प्रशासकच, बसवले होते, निवडणूक झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. मी म्हटलं अरे ते वेगळं, चौकशी बसवली होती, आणि १३७ मधलं एक काउन्सिल ते, तुमच्याकडे २०२३ सरता सरता राज्यातल्या सगळ्या महापालिका प्रशासकाच्या हातात होत्या. तो म्हणाला अडीच वर्षं ती अडीच वर्षं. ते आवडतं खातंही गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ ला मोडलं, लोकल गव्हर्नमेंट गेलं इंडस्ट्री रेग्युलेशनबरोबर आणि खेळ-कला टुरिझमबरोबर, हे मी त्याला सांगितलं नाही.

अजून एक नाही सांगितलं. इथे काउन्सिलचं मतदान सक्तीचं नाही, बहुतेक ठिकाणी पोस्टाने होतं, आणि दहातले जेमतेम तीन जण करतात. मी उरलेल्या सातांत. सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच पाकीट आलं होतं, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं आणि तारीख उलटून गेली. बायकोला म्हटलं स्विंगवर, म्हणजे बाहेरगावच्या कामाच्या पाळीवर, होतो, पण तो आठवडा मी घरीच होतो. यादीतलं एकही नाव ओळखीचं नव्हतं हो. पुण्यात पाणी गेलं की बाबा थेट नगरसेवकाच्या घरी जायचे, त्याची आई चहा टाकायची, आणि बाबा त्याला तोंडावर शिव्या घालून तो चहा प्यायचे. इथे माझं पाणी कधी जातच नाही.

जानेवारीत आईचा फोन आला होता, वोटर स्लिप आल्यात, तुझीही आहे, जपून ठेवलीय. मी म्हटलं आई, भारतीय पासपोर्ट सरेंडर करून दोन वर्षं झाली, फॉर्म ७ भरून मतदारयादीतून नाव काढायला लागेल. तर म्हणे, "राहू दे की, ते काय खायला मागतंय?"

मीही परत विषय काढला नाही.