देव तारी त्याला कोण नाकारी?

ख्रिस्ती प्रेमकथांची मालिका वाचायला घेणार असाल, तर एक पथ्य पाळा: वाचतोय असं कुणाला सांगू नका. विचारलंच, तर 'अमेरिकेतल्या ग्रामीण धर्मजीवनाचा अभ्यास चाललाय' म्हणा. उशीखाली तिसरा भाग सापडला, तर तौलनिक अभ्यास.

अभ्यास म्हटला की सनावळी आली. १९७९ साली जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' मिनेसोटातल्या बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने काढली आणि या प्रकाराची घडी बसली. माळरानावर एक गरोदर तरुणी विधवा होते. नवऱ्याला मूठमाती देऊन होते न होते, तोच एक अनोळखी विधुर येऊन सांगतो की माझ्या पोरीला आई हवी, तुला छप्पर हवं, लग्न करू. चीड आली ना? येऊ द्या. फक्त ती चीड लगेच कागदावर उतरवू नका, कारण पन्नासेक पानांनंतर तो गृहस्थ तुम्हाला आवडायला लागतो आणि मग खोडाखोड करावी लागते. मालिका आठ भागांची आहे. शेवटाला येईपर्यंत पुढच्या पिढीच्या पोरीही उजवून झालेल्या असतात.

या प्रकारातला नायक निवडायची कटकट नसते. दाढी वाढलेली, नजर खोल, पहिली बायको वारलेली आणि त्यापायी देवाशी उभा दावा. नायिका त्याच्यावर भाळते, पण बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं ६:१४ हे वचन आडवं येतं: विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडी जमवू नये. त्यामुळे लग्न होणार का, हा प्रश्नच नसतो. तो गुडघे कधी टेकणार, एवढंच पाहायचं. तेही ओळखणं सोपं आहे. किती पानं उरलीत ते अंगठ्याने चाचपा. थोडी उरली असतील आणि घरातलं मूल तापाने फणफणलं असेल, तर समजा वेळ आली. रात्रभर प्रार्थना, पहाटे ताप उतरतो, नायक ढसाढसा रडतो आणि सगळ्यांचंच घोडं गंगेत न्हातं. एका अडेलतट्टू माणसाला वळणावर आणायला त्या चिमुरडीला का वेठीला धरलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. रास्त आहे. पण चारचौघांत विचारू नका. त्या पानावर तुमचेच डोळे का भरून आले होते, असं कुणी उलट विचारलं तर पंचाईत.

सोवळेपणाची टिंगल मात्र खुशाल करा. प्रेमकथा छापणाऱ्या हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने १९९७ साली 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका सुरू केली, तिचीही शिस्त हीच. शिवीगाळ नाही, लग्नाआधी शयनगृह नाही, फार तर एखादं चुंबन आणि तेवढ्यावर कॅमेरा आकाशाकडे. हसून घ्या. मग पुढचा प्रसंग वाचा. तो कुंपण दुरुस्त करतोय, ती पत्र्याच्या मगात कॉफी घेऊन येते. तापलेला मग ती पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने धरते. तो घ्यायला हात पुढे करतो, बोटं लागतात. ती हात मागे घेत नाही. कॉफी हिंदकळून त्याच्या मनगटावर सांडते आणि तोही काही बोलत नाही. बस. पुढची दोन पानं ती स्वयंपाकघरात उभं राहून देवाची क्षमा मागते. एरवी दहाव्या पानावर कपडे उतरवणाऱ्या कादंबऱ्यांवर जांभया देणारे तुम्ही, त्या मगासाठी प्रार्थनेची दोन्ही पानं ओलांडून पुढे धावता. प्रार्थना गाळलीत, हेही सांगू नका.

अमिश, म्हणजे आधुनिक सोयींपासून लांब राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, नायिकांची वेगळी शाखा आहे. फोटोसाठी पोज देणं त्या समाजाला अहंकाराचं वाटतं, म्हणून प्रकाशक मुखपृष्ठावर हमखास टोपी घातलेल्या सुंदर मुलीचा जवळून फोटो छापतात. धार्मिक प्रकाशनसंस्थांपैकी झोंडरव्हन आणि थॉमस नेल्सन आज हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशन कंपनीकडे आहेत, २०१४पासून हार्लेक्विनही त्यांचंच, आणि चावट प्रेमकथांसाठी नावाजलेलं एव्हनसुद्धा. पाप घ्या, पुण्य घ्या, गल्ला एकच. हे वाक्य तुमच्या लेखात वापरायला हरकत नाही.

लेख लिहालच. तेव्हा नायिकेच्या शाळेचा मुद्दा विसरू नका. ती माळरानावर एकटी येते, एका खोलीत शाळा उभी करते, दांडगट पोरांना अक्षरं शिकवते. शंभर पानं तुम्ही तिच्यावर फिदा असता. मग लग्न ठरतं आणि शाळा गायब. त्या काळी बऱ्याच ठिकाणी लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे, असा बचाव लेखिकेच्या वतीने तुम्हीच करता. पण शाळेची किल्ली कुणाला दिली, हे तरी कळायला हवं ना? लग्नाचं प्रकरण पुन्हा चाळा. केकचं वर्णन आहे, झालरीचं आहे, किल्लीचं नाही. पुढच्या भागात खुलासा असेल म्हणून तो उघडा. तिथे असतो नायकाचा धाकटा भाऊ. युद्धावरून परतलेला, दाढी वाढलेला, देवावर रुसलेला.