ब्रेक ऑइलमध्ये "दोन झाकणं इंजिन ऑइल" सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज तुमच्यापर्यंत पण आला असेल. "जुन्या गाडीचे ब्रेक कधी लागतात, कधी नाही? घाबरू नका! 40 वर्षं अनुभवी मिस्त्रींचे 8 रामबाण उपाय." खाली हात जोडलेले, मग "जुनी गाडी असणाऱ्या प्रत्येकाला पाठवा." मला तीन ग्रुपवर आला, तिन्ही वेळा सोडून दिला. चौथ्यांदा वाईच्या मामांनी पाठवला आणि खाली लिहिलं, "नंबर 2 करून बघितला. मस्त."

म्हणून हे लिहितोय.

मामांची गाडी म्हणजे 1979 ची प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबतात) आणि सगळं एकाच सर्किटवर, म्हणजे कुठेही एका जागी प्रेशर गेलं तर चारही चाकं गेली. ही गाडी घेऊन हा माणूस महिन्यातून दोनदा पसरणी घाट चढून पाचगणीला जातो आणि उतरून येतो. तक्रार अशी होती की ब्रेक मारला की गाडी कधी कधी डावीकडे ओढते, पुढचं डावं चाक तापतं, अर्धा तास थांबलं की परत सगळं ठीक. गॅरेजला नेली की काहीच होत नाही. आणि ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल जरा जरा कमी होत होतं.

आधी तो नंबर 2 च घेतो, बाकीचे नंतर बघू. मेसेज म्हणतो, ब्रेक ऑइल कमी झालं असेल तर "दोन झाकणं इंजिन ऑइल टाका, आतलं रबर मऊ होतं, लीकेज बंद होतं, ब्रेक मख्खन."

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पहिले तीन-चार दिवस हे खरं वाटतं. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नाहीच, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो), व्हील सिलिंडर (चाकापाशी शू ढकलतो तो) यातले रबरी कप त्याच्यासाठीच बनवलेले असतात. त्यात पेट्रोलियमचं तेल गेलं की ते रबर तेल पितं आणि फुगतं. फुगलेला कप सिलिंडरमध्ये घट्ट बसतो, गळती थांबते, आणि माणूस ग्रुपवर "मस्त" लिहितो. पण रबर फुगायचं थांबत नाही ना.

मास्टर सिलिंडरमध्ये टाचणीएवढं एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की ऑइल त्यातून डबीत परत येतं, गरम होऊन फुगलं तरी तिथूनच वाट मिळते. फुगलेला कप पूर्ण मागे सरकत नाही, त्या भोकावरच बसून राहतो. मग प्रेशर अडकतं, शू ड्रमला घासत राहतात, घासून तापतात, ऑइल अजून फुगतं, शू अजून दाबतात. थांबून गार झालं की सुटतात. म्हणजे "कधी कधी"चा रोग घालवायला जे औषध घेतलं त्याने नवा "कधी कधी"चा रोग लागला, आणि आधी एक चाक धरत होतं ते आता चारही.

मामांनी रविवारी ओतलं. गुरुवारी सुरूर फाट्यापर्यंत पोचेस्तोवर गाडी टॉप गिअरमध्ये ओढेना, लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) जळाल्याचा वास, चारही ड्रम हात लावता येईना इतके गरम. मला फोन. म्हणाले, "अरे, उभी केली की सुटते." मी म्हटलं मामा, उभीच ठेवा, मी येतो.

पटत नसेल तर घरी करून बघा, मी केलंय. गॅरेजमधून दोन जुने, एकाच मापाचे ब्रेक कप मागून आणा, टाकूनच देणार असतात ते. एक ब्रेक ऑइलमध्ये, एक इंजिन ऑइलमध्ये, लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या चालतील. आठवडाभराने शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्यांनी आधीच ओतलंय त्यांच्यासाठी सोपी टेस्ट: काचेच्या ग्लासात पाणी घ्या, डबीतलं थोडं ऑइल त्यात सोडून ढवळा. ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. वर तवंग तरंगत राहिला तर तेल गेलंय (गाडीत सिलिकॉनवालं डॉट 5 असेल तर तेही मिसळत नाही, पण आपल्याकडे जुन्या गाड्यांत ते क्वचित). मामांच्या ग्लासात आमटीवर येतो तसा तवंग आला. मामी म्हणाली, तो ग्लास आता परत आणू नका.

आणि "मिस्त्रींचा अनुभव की तुझं पुस्तक" असं विचारणाऱ्यांसाठी एकच संदर्भ देतो. बाटलीवर डॉट 3, डॉट 4 लिहिलेलं असतं ते ज्या अमेरिकन नियमातून आलंय तो एफएमव्हीएसएस 116. बाटलीवर काय छापायचं हे पण त्याच नियमात आहे. त्यातल्या एका इशाऱ्याचा मराठीत अर्थ असा की घाण, पाणी, पेट्रोलियमचे पदार्थ किंवा दुसरं काही मिसळलं तर ब्रेक फेल होऊ शकतात किंवा दुरुस्ती महागात पडू शकते. "पेट्रोलियमचे पदार्थ" हे शब्द त्यात आहेत बरं का. इंजिन ऑइल दुसरं काय असतं?

हां, एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये आणेलच. जुन्या फ्रेंच सित्रोएन डीएसच्या नंतरच्या मॉडेलसारख्या काही गाड्यांत हिरवं मिनरल ऑइल असतं आणि ते बरोबरच असतं. पण त्या गाडीचं रबरच वेगळं, तिच्यात आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल टाकलं तर तिची वाट लागेल. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी तिकडे बघू नये.

एकदा तेल गेलं की "काढून नवीन भरू" एवढ्यावर भागत नाही. मास्टर सिलिंडरचं किट, सगळ्या व्हील सिलिंडरचे कप, होज (लोखंडी पाइपातून चाकापर्यंत ऑइल नेणारा रबरी पाइप), जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलायचं, आणि लोखंडी पाइप आतून धुऊन घ्यायचे. तेही पेट्रोल-रॉकेलने नाही, स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच, नाहीतर तेच रामायण परत. आमचे दोन दिवस गेले. दोन झाकणांचे.

आता नंबर 1: "कधी कधी ब्रेक न लागणं हा जुन्या गाडीचा स्वभाव आहे, दोन-तीनदा पंप करा, लागले की काळजी नाही." स्वभाव म्हणे! स्वभाव माणसाला असतो, मास्टर सिलिंडरला नसतो. पंप करून गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, इथपर्यंत ठीक, तेवढं मान्य. पण पंप केल्यावर पेडल कसं वागतं त्यातच तर उत्तर असतं. दुसऱ्या दाबात पेडल वर येऊन टणक लागलं तर बहुतेक शू ड्रमपासून लांब गेलेत, अ‍ॅडजस्ट करायला हवेत. वर आलं पण स्पंजसारखं लागतंय तर ऑइलमध्ये हवा शिरलीय, ती काढा. पेडलवर पाय स्थिर ठेवला आणि ते हळूहळू खाली बसत गेलं तर एकतर कुठेतरी गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत ऑइल मागे सोडतोय, आणि हा आतला प्रकार बाहेरून दिसत नाही, जमिनीवर एक थेंब पडत नाही. तिन्हींवर "लागले की काळजी नाही" हे एकच उत्तर देणारा मिस्त्री 40 वर्षं नक्की कशाचा अनुभव घेत होता?

डबीतलं ऑइल कमी होणं हेही तसंच. बंद सिस्टिम आहे, ऑइल उडून जात नाही. लायनर झिजले की पातळी थोडी उतरते, पण दर महिन्याला उतरत असेल तर गळतंय. मामांच्या मागच्या उजव्या चाकाची आतली बाजू ओली होती, व्हील सिलिंडरचं रबरी टोपण वर केलं तर आत ऑइल साचलेलं. ते कोणी बघितलंच नव्हतं, सगळे पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होते.

त्या डाव्या चाकावरून नंबर 4: "चाक जाम होत असेल तर डोळे मिटून मास्टर सिलिंडर बदला." मामांनी हा मेसेज यायच्या आधीच एकदा बदललाय, फरक शून्य. कारण साधं आहे, एकच चाक धरत असेल तर संशय आधी त्या चाकावर जायला हवा. चारही धरत असतील तर मास्टर सिलिंडर, किंवा त्याहून सोपं म्हणजे पेडलला रिकामी चाल उरली नाहीये का ते बघा. बोटाने दाबून बघायचं, प्रेशर यायच्या आधी पेडल थोडं मोकळं हलायला हवं. ते नसेल तर वर सांगितलेलं बारीक भोक कायम अर्धं झाकलेलं राहतं आणि मग नवीन सिलिंडर पण जामच होणार.

आणि शोधायचं ते चाक धरलेलं असतानाच. गार झाल्यावर गॅरेजला नेऊन काय सापडणार, ताप उतरल्यावर थर्मामीटर लावल्यासारखं आहे ते. सपाट जागा बघा, बाकीच्या चाकांना दगड लावा, ते चाक जॅकवर उचला. फिरत नसेल तर त्याच चाकाचा ब्लीडिंग निप्पल (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा (तापलेलं असतं, तोंड लांब ठेवा). पिचकारी उडून चाक सुटलं तर प्रेशर अडकलेलं होतं. नाही सुटलं तर शूची स्प्रिंग, अडकलेला पिस्टन, मागचं चाक असेल तर हॅण्डब्रेकची केबल, असा मेकॅनिकल घोळ. प्रेशरच निघालं तर पुढच्या वेळी चाक धरलं की निप्पलला हात न लावता आधी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडून येणारा लोखंडी पाइप सैल करा. तिथे सैल करून चाक सुटत नाही आणि निप्पल सैल केल्यावर सुटतं, म्हणजे अडथळा मधल्या होजमध्ये. जे काही सैल केलंय ते घट्ट करून एअर काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे सांगायला नको.

मामांचा होजच होता. बाहेरून चकाचक, चीर नाही, फुगा नाही. आतून रबर सुजून वाट इतकी बारीक झालेली की पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं पण शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येताना अडकायचं. मी तो ब्लेडने उभा चिरून मामांच्या हातात दिला. तो इंजिन ऑइलच्या चार दिवसांत सुजला असं म्हणायला वाव नाही, चाक आधीपासून तापत होतं.

नंबर 3, "ब्रेक ऑइल कधी बदलायचं नसतं, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 40-40 वर्षं टॉप-अपवर चालल्या." मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली होती आणि 20 वर्षांच्या नियमाने 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा 40 चा हिशोब त्या मिस्त्रींनी स्वतःच करावा. आणि मुंबईत पसरणी घाट नाही. ग्लायकॉल हवेतली ओल ओढतं, डबीच्या झाकणाच्या भोकातून, होजच्या रबरातून. त्याच 116 नंबरच्या नियमात डॉट 3 चा उकळबिंदू कोरडं असताना कमीत कमी 205 अंश आणि ओलं झाल्यावर कमीत कमी 140 अंश दिलाय. डॉट 4 ला 230 आणि 155. ओलं म्हणजे किती, तर साधारण 3.7 टक्के पाणी, बस. घाट उतरताना ड्रम तापले, व्हील सिलिंडरमधलं ऑइल उकळलं, की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली. अर्ध्या तासाने परत पहिल्यासारखं. बघणारा म्हणतो "काही नाही, कधी कधी होतं." मी मामांना दर दोन वर्षांनी बदला सांगितलंय, डॉट 4 ने. तारीख बॉनेटच्या आतून मार्करने लिहिलीय.

बाकीचे पटकन. तापलेल्या ड्रमवर पाणी ओता: बिडाचा ड्रम आहे, तडकेल किंवा वाकडा होईल, मग पेडल पायाखाली धडधडेल आणि त्याच्यासाठी वेगळा मेसेज येईल. ड्रम उघडून हवा मारा: जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ उडवून छातीत घेऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. पावसात किंवा गाडी धुतल्यावर ब्रेक कमी लागतात, हलके दाबत चला म्हणजे सुकतात: हे मात्र बरोबर आहे, आठात एक. त्यात मीच भर घालतो, रात्रभर दमट हवेत उभी राहिली की ड्रमला पातळ गंज धरतो आणि सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक जरा कचकन लागतात, मग नीट होतात. त्याला घाबरू नका. तिसऱ्या किलोमीटरनंतर पण तेच होत असेल तर मात्र ड्रम उघडा, लायनरवर ऑइल आलेलं असू शकतं.

राहिला नंबर 8, घाटात न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं आणि ब्रेक थंड राहतात. उलट आहे हो! गिअरमध्ये असताना निम्मं काम इंजिन करत असतं, न्यूट्रल केलं की सगळं वजन ड्रमवर. ज्या गिअरने चढलात त्यानेच उतरा हे एसटीच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

मामांना हे सगळं पटलंय, न्यूट्रलचं सोडून. ते अजून करतात. मामी आता पसरणी लागली की बाहेर बघत नाही, स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याकडे बघत बसते.