सेहमतच्या हुंदक्याला फितुरी म्हणणाऱ्यांस

१९७१च्या युद्धाच्या काळात पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेल्या भारतीय हेराची गोष्ट सांगणारा मेघना गुलजार यांचा ‘राझी’ हा हिंदी चित्रपट ११ मे २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हापासून त्याच्याविषयी एक आक्षेप जवळजवळ त्याच शब्दांत फिरत आला आहे. तो थोडक्यात असा : या चित्रपटाने शत्रूचे घर प्रेमळ दाखवून पाकिस्तानची बाजू उजळ केली, नायिकेला शत्रूच्या अधिकाऱ्यावर प्रेम करायला लावून तिची निष्ठा डळमळीत दाखवली, जे खऱ्या हेराच्या बाबतीत घडत नाही, आणि शेवटी तिला पश्चात्तापात ढकलून देशासाठी केलेल्या कामालाच पाप ठरवले. हे तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात. हेराने भावनाशून्य असावे अशी जी अपेक्षा त्यांच्या पोटात दडलेली आहे, ती मान्य केली तर त्या हेराने काय सोसले हेच पुसले जाते, आणि म्हणून त्यांचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आधी घराविषयी. चित्रपटाची नायिका, भारतीय हेर सेहमत पाकिस्तानात जाते ती सून म्हणून. पाकिस्तानी लष्करातल्या ब्रिगेडियर सय्यद यांच्या मित्राची मुलगी आणि त्यांच्या धाकट्या मुलाची, इक्बालची, बायको, एवढीच तिची ओळख आणि एवढेच तिचे भांडवल. ज्या घरात कागदपत्रे येतात, वरिष्ठ अधिकारी येऊन बसतात, त्या घरात नव्या सुनेला मोकळेपणाने वावरता येते, कारण तिच्यावर विश्वास आहे. तेच घर तुसडे, संशयी आणि क्रूर दाखवले असते, तर पहिल्या आठवड्यातच तिचे काम संपले असते. शिवाय अशा माणसांना फसवताना कोणाला काहीच वाटले नसते. सासरच्या मायेचा फायदा घेऊन सासर उद्ध्वस्त करणे हीच तिची कामगिरी आहे, आणि ती माया खोटी दाखवली की कामगिरीतली धगच निघून जाते.

या मायेमुळे सय्यद कुटुंब निर्दोष ठरते, असे चित्रपट कुठेही म्हणत नाही. सुनेचे लाड करणारा सासराच भारताविरुद्धच्या बेतात सामील आहे, आणि त्या बेताचे लक्ष्य आहे विमानवाहू नौका ‘विक्रांत’. हा भाग इतिहासातून उचललेला आहे. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कराचीहून निघाली होती ती ‘विक्रांत’च्या शोधात. भारतीय नौदलाने ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूला हलवली आणि ‘राजपूत’ या विनाशिकेकडून असे संदेश धाडले की, मोठे जहाज विशाखापट्टणमलाच आहे असे शत्रूला वाटावे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर बुडाली आणि तिच्यावरचे नव्वदहून अधिक नौसैनिक गेले. तो स्फोट भारतीय माऱ्याने झाला की पाणबुडीने स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, यावर दोन्ही देशांचे म्हणणे वेगळे आहे. ‘विक्रांत’ मात्र वाचली. पुढे २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर पाऊल ठेवले आहे. सेहमतने पाठवलेली माहिती हजाराहून अधिक माणसांचे जहाज वाचवते हे ज्या चित्रपटात स्पष्ट दिसते, तो शत्रूची बाजू घेतो असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता निष्ठेविषयी. आक्षेप घेणाऱ्यांनी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. सुरुवातीला दिल्लीत शिकणारी सेहमत एका खारीला गाडीखाली येण्यापासून वाचवायला धावते आणि त्या धांदलीत तिच्या पायात काच घुसते. पुढे सासरी अब्दुल हा जुना, इमानी नोकर तिचे गुपित ओळखतो आणि सांगायला धावत सुटतो. रात्रीच्या अंधारात ती त्याच्यामागे पळते आणि अखेर जीप त्याच्या अंगावर घालते. खारीसाठी चाकापुढे धावणारी मुलगी आता स्वतः चाकामागे बसलेली आहे. त्यानंतर, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून ती जी रडते, त्या रडण्यालाच ‘डळमळणे’ म्हटले जाते. पण अब्दुल तोवर मेलेला असतो. तिचा हात थरथरला असेल, काम मात्र अडलेले नाही. थोरल्या दिरांचा संशय वाढतो तेव्हा ती त्यांनाही विष टोचून मारते, आणि त्यानंतर त्याच घरात विधवा झालेल्या जावेसमोर वावरते. अमृता खानविलकर यांनी साकारलेली ही जाऊ, मुनीरा, फार बोलत नाही. तिचे पांढरे पडलेले तोंड पाहिले की सेहमतच्या कर्तव्याची किंमत किती मोठी आहे ते कळते. संपूर्ण चित्रपटात माहिती पोहोचवायची होती आणि ती मायेपोटी थांबली, असा एकही प्रसंग मला दाखवता येत नाही.

इक्बालचेही तेच. तो अबोल, समजूतदार आहे, बायकोला घरात रुळायला वेळ देतो. आणि ती हेर आहे हे कळल्यावर, आतून मोडून पडलेला असतानाही, आपल्या देशाशी इमान राखतो. दोघांचे प्रेम खरे आहे आणि दोघेही त्या प्रेमाला दुसरा क्रमांक देतात.

खरे हेर असे नसतात, या विधानाला तर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी हेरगिरी केलेल्या नूर इनायत खान हे एकच नाव पुरे आहे. बडोद्याला गायकवाडांच्या आश्रयाला असलेल्या गायक मौलाबक्षांची ही पणती. वडील सूफी साधक, घरात अहिंसेचे संस्कार, आणि तिने स्वतः मुलांसाठी जातककथा लिहिलेल्या. प्रशिक्षण देणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही ती फार हळवी असल्याचा शेरा मारला होता. जून १९४३ मध्ये वायरलेस घेऊन ती जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिच्या गटाची धरपकड झाली, परत येण्याची सोय देऊ केली गेली, तरी ती पॅरिसमधून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरात पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. हळवेपणा आणि निष्ठा एका माणसात नांदत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी तिचे काय करायचे?

राहिला पश्चात्ताप. सेहमत शेवटी कोलमडते हे खरे, पण केव्हा आणि कशामुळे, हे आक्षेपात सांगितले जात नाही. ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिला हेरगिरी शिकवणाऱ्या भारतीय अधिकारी खालिद मीरची माणसे बॉम्ब टाकतात. त्यात इक्बाल मरतो आणि सेहमत समजली गेलेली एक बुरख्यातली स्त्री मरते. आपल्याच लोकांनी आपला जीव खर्ची टाकायचे ठरवले होते, हे कळल्यावर ती मीरवर तुटून पडते आणि पूर्णपणे त्याच्यासारखी होण्याआधी घरी नेण्याची मागणी करते. ‘विक्रांत’ वाचवायला नको होती, असे ती एका शब्दानेही म्हणत नाही. मीरही तिला खोडून काढत नाही. युद्धात असेच चालते, हे तो जाणतो आणि ते ओझे त्याच्याही चेहऱ्यावर, ही भूमिका करणाऱ्या जयदीप अहलावत यांनी नीट दाखवले आहे.

परतल्यावर आपण गरोदर असल्याचे तिला समजते. आणखी एक जीव घेणे तिला शक्य नसते, म्हणून ती ते मूल वाढवते. चित्रपटाच्या अखेरीस सेहमत एका रिकाम्या घरात एकटी बसलेली आहे आणि इक्बालचा तो मुलगा भारतीय नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात उभा आहे.