शनिवार कुणाच्या जिवावर?

मागच्या महिन्यात मी शब्बाथवर, म्हणजे ज्यूंच्या दर आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसावर, लिहिलं होतं. तो लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्षभरापासून शुक्रवारी दिवेलागणीला मी मोबाइल आणि लॅपटॉप कपाटात टाकतो आणि कडी लावतो, ती शनिवारी रात्रीच काढतो. मधल्या वेळात खरेदी नाही, हिशेब नाही, ऑफिसचं नाव नाही. ज्यू लोकांचा शब्बाथ लहानपणी शेजारी पाहिला होता, त्याची ही माझी मोडकीतोडकी नक्कल. त्यावर ऐरोलीच्या एका वाचक ताईंची प्रतिक्रिया आली. ती अशी:

‘सर, लेख छान आहे, पण हे पोट भरलेल्यांचं अध्यात्म आहे. मोबाइल कपाटात ठेवलात, पण शनिवारी दुपारी जेवण बाहेरून आलं असं तुम्हीच लिहिलंय. ते आणणाऱ्याचा शब्बाथ कधी? भांडी कोणी घासली? वहिनी त्या दिवशी काय करत होत्या यावर एक ओळ नाही. मी नर्स आहे, महिन्यातले दोन शनिवार माझी नाइट असते. मी विसाव्याचं काय करायचं? आणि आपल्याकडे एकादशी आहे, मौन आहे, कामातच विठ्ठल बघणारा सावता माळी आहे. परक्या धर्मातून सुट्टी उसनी कशाला आणायची?’

ताई, उत्तराला पंधरा दिवस लागले. पहिलं उत्तर त्याच रात्री लिहिलं होतं. ते रागाचं होतं, सकाळी पुसून टाकलं. दुसरं फार गोड झालं होतं, तेही पुसलं.

जेवणाचं आधी सांगतो. माझा मोबाइल कपाटात होता हे खरं, पण मुलाचा नव्हता. बारा वाजता मी दिवाणखान्यात येऊन म्हणालो, ‘भूक लागली बुवा.’ कुणालाच उद्देशून नाही. पाऊण तासानं एक भिजलेला पोरगा दारात उभा होता. ठाण्यातल्या माजिवड्याच्या पुलाखालून, त्या पाण्यातून आला होता. मी पिशवी घेतली, ‘थँक्यू’ म्हटलं आणि आत येऊन लेखाच्या पहिल्या ओळी मनात जुळवू लागलो. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा मला एकदम चरईतली चाळ आठवली.

आमच्या शेजारच्या खोलीत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. आम्ही त्यांना नुसतं काका-काकू म्हणायचो. शुक्रवारी दुपारपासून काकूंची धांदल असे. नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण, भात, शिवाय मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत. त्या सरबतावर काका संध्याकाळी किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, म्हणत. सूर्य मावळायच्या जरा आधी काकू दिवे लावत, आणि मग त्या घरात काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही. शनिवारी संध्याकाळी अंधारून आलं की काकू गॅलरीत येऊन म्हणत, ‘अंधार पडला हो.’ मी सात-आठ वर्षांचा. आत जाऊन बटण दाबायचो. मला त्या कधी ‘दिवा लाव’ म्हणाल्या नाहीत. त्यांच्या शास्त्रात दुसऱ्याला सांगून ते काम करून घ्यायलाही मनाई आहे, म्हणून त्या सांगत नसत. अंधार पडला एवढंच कळवत.

त्याची मला आजवर गंमत वाटत आली होती. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर लक्षात आलं की ‘भूक लागली बुवा’ हे त्याच घराण्यातलं वाक्य आहे. फरक इतकाच की काकू बिचाऱ्या दिव्याच्या एका बटणापुरत्या पळवाट काढत होत्या. मी अख्खं जेवण, पाऊस आणि दुचाकी त्या पळवाटेनं आणली.

म्हणून तुमचा वार मला लागला हे मान्य. पण तो शब्बाथला लागला असं तुम्ही धरताय, तिथे मी अडतो. तुम्ही ज्या मुद्द्यावर मला पकडलंत, तो मुद्दा मूळ आज्ञेतलाच आहे.

दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात, ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या दोन पुस्तकांत. दोन्हीकडे शब्बाथ आहे, पण कारणं वेगळी. निर्गममध्ये कारण आकाशातलं आहे: देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी थांबला. अनुवादमध्ये कारण जमिनीवरचं: तू मिसर देशात गुलाम होतास, हे आठव. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला सुट्टी नव्हती त्यानं आता कुणाची सुट्टी खाऊ नये, असा तो हिशेब. पुढे कुणाकुणाला काम सांगायचं नाही याची यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, गुरं आणि वेशीच्या आतला उपरी. जेवण आणणारा तो पोरगा त्या यादीत आहे, सगळ्यात शेवटी, पण आहे. मी लेखात मन शांत होण्याबद्दल आठशे शब्द लिहिले आणि या यादीबद्दल एकही नाही. चूक तिथे झाली.

आता ‘वहिनी’. ती यादी पुन्हा वाचा. मुलगा आहे, मुलगी आहे, गाढवसुद्धा आहे. बायको नाही. ‘तू’ म्हटल्यावर नवरा-बायको दोघं आलेच, असा अर्थ लावतात, आणि तो बरोबर असेलही. पण आमच्या घरात काय झालं ते सांगतो. हिनं शुक्रवारी दुपटीनं स्वयंपाक केला, शनिवारी सकाळी मी शांत बसलेलो असताना कपडे वाळत घातले, दुपारच्या जेवणाचे डबे उघडून वाढले. मी त्या दिवशी ‘थांबलो’ होतो, पण घर थांबलं नव्हतं. काकूंच्या घरातही शुक्रवारची सगळी धावपळ काकूंचीच असे, पण शनिवारी निदान त्या बसलेल्या तरी दिसत. हातात काही नाही, पाय पसरून बसलेली बाई. आमच्या चाळीत तसं दृश्य दुसऱ्या कुठल्याच दारात नव्हतं. माझ्या आईनं एकदा हेव्यानं म्हटलेलं आठवतं, ‘त्यांच्यात बरंय, देवानंच बस म्हणून सांगितलंय.’

परकेपणाचा मुद्दा मात्र मला साफ अमान्य आहे, आणि इथे थोडं रेंगाळणार आहे.

टेंभी नाक्याजवळ सिव्हिल हॉस्पिटलसमोर शाअर हाशामाईम हे ज्यूंचं प्रार्थनालय आहे, 1879 सालचं. नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. नवरात्रात देवीच्या गर्दीत त्याच्यावरून हजारो लोक जातात. ज्यांनी ते बांधलं ते लोक मराठीच. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. मग ते कोकणच्या गावागावांत पसरले, गावांची नावं लावू लागले, पेणकर, दिवेकर, केहिमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. पोथी जवळ राहिली नाही, हिब्रू विसरली, देव एकच असं सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर उरली. पण शनिवारी घाणा बंद. रायगडच्या गावांत त्यांना नाव पडलं ‘शनवार तेली’. काय नाव आहे बघा! धर्माचं नाही, जातीचं धड नाही, घाण्याच्या सुट्टीचं नाव. लोकांनी त्यांना त्यांच्या न केलेल्या कामावरून ओळखलं. शेकडो वर्षं धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही, आणि एक बैल दर शनिवारी खुंट्याला बांधलेला. शब्बाथ टिकला तो त्या बैलाच्या आधारानं, असं मला वाटतं.

तुम्ही हार्बरनं सीएसएमटीकडे जाता तेव्हा मशीद बंदर लागतं. ती ‘मशीद’ म्हणजे याच लोकांचं 1796 सालचं प्रार्थनालय, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. इतके ते इथलेच. (आणि एक ठाणेकरी पुरवणी: पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तो 16 एप्रिल 1853, शनिवार होता. त्या दिवशी गावात कुणी शनवार तेली असलाच तर त्याला ती बघायला वेळ होता, बसायला मात्र परवानगी नव्हती.)

रविवारचं काय? तोही उसनाच. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं 321 साली रविवार विश्रांतीचा ठरवला आणि फिरत फिरत तो साहेबाबरोबर इथे आला. साहेबाला सुट्टी होती, गिरणी कामगाराला नव्हती. ती मिळवायला पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, जन्म 1848, ठाण्याचा. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभेतून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला हजारो कामगार जमले, त्या सभेत दोन बायकाही बोलल्या, आणि जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवार खंडोबाचा वार, म्हणून तो हवा, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. तेव्हा ताई, शनिवार म्हणा नाहीतर रविवार, दोन्हींच्या सातबाऱ्यावर ठाण्याचं नाव आहे.

आणि घरचं म्हणाल तर माझ्या आजोळी सोमवारी बैल जुंपत नसत. आजोबा त्याला काही तत्त्वज्ञान जोडत नसत. ‘सोमवार आहे’ म्हणायचे, झालं.

एकादशी आणि मौन मीही पाळलेत. पण एकादशी माझ्या पोटापुरती असते, आणि बायकांना तर त्या दिवशी दोन स्वयंपाक पडतात, उपासाचा वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. सावता माळ्याशी शब्बाथचं भांडण नाही. ‘सहा दिवस श्रम कर’ हेही त्याच आज्ञेत आहे. शब्बाथला वर्ज्य म्हणून जी 39 कामं मोजतात, त्यांतली पहिली अकरा नुसती भाकरीची आहेत: पेरणं, नांगरणं, कापणं, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणी, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं. ही यादी करणाऱ्यांना कष्ट ठाऊक नव्हते असं म्हणता येणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, नाइटचा. तिथे त्यांचं शास्त्र स्पष्ट आहे. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, मोडलाच पाहिजे. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीविरुद्धच्या उठावात शनिवारी हत्यार उचलायचं नाही म्हणून सुमारे हजार माणसं, बायका-मुलांसकट, गुहांमध्ये मारली गेली. त्यानंतर उठावाचा पुढारी मत्तथ्या यानं ठरवलं की हल्ला झाला तर शनिवारीही लढायचं. म्हणजे शनिवारी रात्री वॉर्डात सलाईन बदलणाऱ्या तुम्ही काही मोडत नाही.

पण एवढ्यानं तुमचा थकवा जात नाही, हे मला कळतं. तुम्हाला ऑफ मिळतो मंगळवारी. तेव्हा नवरा कामाला, मुलं शाळेत, तुम्ही आणि धुण्याचा ढीग. सोव्हिएत रशियानं 1929 मध्ये हा प्रयोग अख्ख्या देशावर केला होता. पाच दिवसांचा आठवडा, कामगारांचे पाच रंग, प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी, यंत्रं कधी बंद नाहीत. सुट्टी तर मिळाली, पण नवरा पिवळा आणि बायको हिरवी असली की घरात एकत्र दिवसच उरेना. ती पाच रंगांची पद्धत दोनेक वर्षांतच बारगळली, आणि 1940 मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आले. म्हणून ‘मंगळवारी शब्बाथ पाळा की’ असला सल्ला मी तुम्हाला देणार नाही. एकट्याचा थांबा आणि सगळ्यांचा थांबा यात फार अंतर आहे. तुमच्या मंगळवारी घरातल्या इतरांनी धुण्याचा ढीग आधीच संपवलेला असेल तर कदाचित काही होईल. पण ते तुमच्या घरच्यांना सांगायचं, तुम्हाला नाही.

पंधरा दिवसांत इथे काय बदललं तेवढं सांगतो. भांडीवाल्या मावशींना शनिवारची भरपगारी सुट्टी दिली. त्यांनी आधी संशयानं पाहिलं, दुसरी बाई ठेवताय का म्हणून विचारलं. भांडी शुक्रवारी रात्री मी घासतो, शनिवारची सिंकमध्ये साठतात आणि रात्री कडी काढल्यावर घासतो. बाहेरून जेवण बंद, आणि मुलाला सांगितलंय की बाप भूक लागली म्हणाला तरी हलायचं नाही. शुक्रवारचा मसालेभात मी करतो. सोसायटीच्या वॉचमनचा विषय सभेत काढला, बारा तासांची पाळी आणि महिन्यातून एकही सुट्टी नाही यावर. लोक हसले. एकानं विचारलं, ‘मग शनिवारी गेटवर तुम्ही बसणार का?’ मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मूळ लेखात मी काही दुरुस्त करत नाही, त्याखाली तुमची प्रतिक्रिया तशीच राहू दे. हे उत्तर टाकायच्या आधी हिला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, ‘मसालेभात दोनदाच केलायत. आणि कुकर अजून मीच उतरवते, तेही लिहा.’